रॉइसचा शॉर्टस्टॉप

माझा धाकटा भाऊ रॉइस एका जागी शांत बसलेला मी फक्त बेसबॉलच्या मैदानात पाहिलाय. घरात तो टेकतच नाही. जेवता जेवता उठून खिडकीतून गाडी बघून येईल, टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत जाईल, फोनवर बोलताना अंगणाला फेऱ्या मारेल. आई म्हणायची, या पोराच्या खुर्चीला कुणीतरी खिळे ठोकलेत. कागदाच्या कारखान्यात त्याचं सगळं काम उभ्याने आणि चालत्या पायाने, त्यामुळे तिथे हे खपून गेलं. मग कारखाना बंद पडला. त्याची बायको लुआन त्याआधीच फ्लोरिडाला निघून गेली होती. राहिलं ते बेसबॉल.

तेही टीव्हीवर दिसतं ते नव्हे. मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांमधून चार संघ असतात. पोरं सगळ्यात खालच्या संघात येतात आणि जमलं तर एकेक पायरी वर चढतात. बहुतेकांना नाहीच जमत. रॉइसला त्या पायऱ्यांवरची पोरं बघायची असायची, आणि त्यातलं कोण वर पोचणार ते सगळ्यांच्या आधी ओळखायचं असायचं. आमच्या हॅडलीत खालून दुसरा संघ खेळतो, डोंगरापलीकडे मार्लोला त्याच्या वरचा. रॉइस दोन्हीकडे जायचा. सकाळी निघायचा, पेपरोनी घातलेले पाव फॉइलमध्ये गुंडाळून न्यायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. मी कधी बरोबर गेले नव्हते. मी केस कापायचं दुकान चालवते, दिवसभर उभी असते. सुट्टीच्या दिवशी उन्हात फळीवर बसून दुसऱ्यांची पोरं कशाला बघू?

मग जूनमध्ये त्याला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये फीट आली. पडला, कपाळ फुटलं, टाके पडले. पुन्हा काही झालं नाही, पण डॉक्टरने नाताळपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. किल्ल्या मी माझ्या पर्समध्ये टाकल्या. आठवडाभरात मला कळलं की किल्ल्यांबरोबर रॉइसही माझ्याच पदरात पडलाय.

"नेडीन, रविवारी तुझं दुकान बंद असतं ना?"

"माझी पाठही बंद असते रविवारी."

"मार्लोला दुपारचा सामना आहे. तू गाडीत झोप वाटलं तर."

"गाडी चालवताना झोपू?"

"तिथे पोचल्यावर गं."

अशी मी जायला लागले. आणि गाडीत तीन तास दुसरं काही कानावर पडत नसल्यामुळे दारिओ मातोसबद्दल मला माझ्या भाच्यांपेक्षा जास्त माहिती झाली. दारिओ डॉमिनिकन रिपब्लिकचा होता, अझुआ नावाच्या गावचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे पळत गाठायच्या ठिकाणांच्या, मधे उभा राहतो त्या खेळाडूला शॉर्टस्टॉप म्हणतात, सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडे येतात, ती त्याची जागा. हॅडलीला आला तेव्हा दारिओ अठरा-एकोणीसचा, काटकुळा. रॉइसने पहिल्याच दिवशी त्याला जमिनीलगतचा एक चेंडू उचलताना पाहिलं आणि घरी येऊन मला फोन केला होता. मी तेव्हा कुणाचे तरी केस रंगवत होते, त्यामुळे तो काय म्हणाला ते माझ्या लक्षात नाही. त्यानंतर चार वर्षं तो त्या पोराच्या मागे होता. दारिओ वर चढून मार्लोला गेला तसा रॉइसही मार्लोला जायला लागला.

"त्या पोराला माहीत तरी आहे का तू कोण ते?" मी एकदा विचारलं.

"त्याला कशाला माहीत हवं?"

"चार वर्षं मागे फिरतोयस. एकदा हॅलो म्हणायला काय जातं?"

"तसं करायचं नसतं. सह्या मागणारी माणसं वेगळी. मी बघायला जातो."

मैदानावर तो कसा दिसतो ते मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी मळक्या बनियनवर फिरणारा माझा भाऊ तिथे इस्त्रीचा कॉलरवाला शर्ट आणि गवती हॅट घालून जायचा. फलंदाजाच्या बरोबर मागे, जाळीपासून तिसऱ्या ओळीत बसायचा. हातात स्टॉपवॉच. चेंडू मारल्यापासून पोरगं पहिल्या बेसवर पाय ठेवेपर्यंत तो वेळ मोजायचा. टाळी नाही, ओरडणं नाही, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. दारावरचा म्हातारा त्याला "या सर" म्हणून आत सोडायचा आणि माझं मात्र तिकीट फाडायचा. मला वाटलं, नेहमीचं गिऱ्हाईक आहे म्हणून असेल.

जुलै संपत आला तसा रॉइस अगदीच हाताबाहेर गेला. दरवर्षी त्या सुमाराला एक तारीख येते, तिच्याआधी संघांना एकमेकांचे खेळाडू बदलून घेता येतात, नंतर दार बंद. आमचा मोठा संघ त्या वर्षी कित्येक वर्षांनी जिंकत होता. त्यांना एक अनुभवी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा होता, लगेच, आणि त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे काय होतं, तर खालची पोरं.

"दारिओला देणार नाहीत," रॉइस म्हणायचा. पाच मिनिटांनी फोन बघायचा. "देतील का गं?"

"मला काय विचारतोस? मला काल कळलं की यात बेस चार असतात."

त्या रविवारी मार्लोला जाताना त्याने मला तीनदा थांबायला लावलं. डोंगरात फोनला रेंज जायची आणि तो म्हणायचा, इथे थांब, इथे येते. मी बाजूला गाडी घ्यायची, तो उतरून हात वर करून रस्त्याच्या कडेने चालायचा, परत यायचा. "काही नाही." मग पुन्हा गाडी सुरू. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, आता उतरलास तर चालतच ये.

सामना सुरू झाला. आभाळ झाकोळलेलं, घामाने शर्ट अंगाला चिकटत होता. दारिओने पहिल्या खेपेला चेंडू जोरात मारला, तो झेलला गेला. चौथ्या डावात आमची पोरं मैदानात उतरली आणि शॉर्टस्टॉपच्या जागी दुसराच कुणीतरी पळत गेला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आमच्या मागचा माणूस म्हणाला, "मातोस कुठाय?" आणि सगळे खेळाडूंच्या बाकाकडे वाकून बघायला लागले. तिथे दारिओ उभा होता आणि एकेक पोरगा येऊन त्याला मिठी मारत होता. कोचने त्याच्या मानेवर हात ठेवला. दुखापत झालेल्याला कुणी अशा मिठ्या मारत नाही, एवढं मलाही कळलं.

"दिला," रॉइस म्हणाला. घड्याळ खिशात टाकलं आणि उठला.

मैदानाला वळसा घालून जाणारा एक रस्ता आहे, खाण्याच्या टपऱ्यांचा. सामना संपेपर्यंत तो त्या रस्त्याने फिरत राहिला. मी त्याच्या मागे दोन फेऱ्या केल्या, मग एका टपरीशी उकडलेल्या शेंगा घेऊन बसले. दर थोड्या वेळाने तो समोरून जायचा. एकदा जाता जाता थांबून म्हणाला, "चाळिशीला टेकलाय तो पिचर. दोन महिने टिकेल. दोन महिन्यांसाठी दिला." आणि पुढे गेला.

सामना संपल्यावर खेळाडू बाजूच्या फाटकातून बाहेर येतात. रॉइस आमच्या गाडीपाशीच उभा राहिला, पुढे यायला तयार होईना. पोरगा आता जाणार, पुन्हा दिसणार नाही, आणि हा दाराला टेकून हॅट चुरगळतोय. मला त्याच्या नियमांशी काही देणंघेणं नव्हतं. मी सरळ फाटकाशी गेले.

दारिओ दोन मोठ्या बॅगा आणि बॅटांची पिशवी घेऊन बाहेर आला. डोळे लाल. जवळून अगदीच लहान दिसत होता.

"दारिओ, एक मिनिट," मी म्हटलं. "तो तिकडे माझा भाऊ आहे. चार वर्षं तुझा खेळ बघतोय. त्याला भेटशील?"

त्याने तिकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. बॅगा तिथेच ठेवल्या, पँटला हात पुसले आणि माझ्या पुढे भराभरा चालत गेला. मी पोचेपर्यंत त्याने रॉइसचा हात धरलेला होता.

"सर, शेवटी तुम्ही बोलावलंत. मला माहीत होतं. मी सगळ्यांना सांगायचो, तो हॅटवाला म्हातारा, माफ करा हं, ते साहेब माझ्यासाठी येतात. पोरं हसायची. तुम्ही त्या नव्या संघाचे ना? तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, मला घ्या म्हणून?"

मोठ्या संघांची माणसं गावोगाव हिंडून अशी पोरं हेरतात, त्यांना स्काउट म्हणतात. तीही म्हणे जाळीमागेच बसतात, घड्याळ घेऊन. हे मला रॉइसने नंतर सांगितलं. त्या क्षणी मला वाटलं, पोराने याला दुसराच कुणीतरी समजलंय.

"हॅडलीचं आठवतं ना तुम्हाला?" दारिओ बोलतच होता. "त्या ऑगस्टमध्ये, माझा पाय गेला तेव्हा? मांडी आधीपासून दुखत होती, सर. कोच म्हणाला, आज बस. मी वर बघितलं तर तुम्ही तिसऱ्या ओळीत, घड्याळ हातात. मी म्हटलं, नाही, आज खेळणारच. मांडीचा स्नायू फाटला, पण बेसला पोचलो. लंगडत पोचलो. मला नेहमी विचारायचं होतं, किती वेळ आला होता घड्याळात?"

तो ऑगस्ट मलाही आठवत होता. रॉइस घरी येऊन न जेवता व्हरांड्यात बसला होता, म्हणजे येरझाऱ्या घालत होता. पोरगा तो मोसम आणि पुढचा वसंत खेळला नव्हता. त्या काळात दुसरा एक शॉर्टस्टॉप त्याच्या पुढे निघून गेला होता.

"मी घड्याळ थांबवलंच नव्हतं," रॉइस म्हणाला. "तू पडलास ना, तेव्हा विसरलो." मग म्हणाला, "दारिओ, मी कुणाचाच नाही."

"म्हणजे?"

"मी कागदाच्या कारखान्यात होतो. तो बंद पडला. मी कुठल्याच संघाचा नाही, मी नुसता बघायला येतो."

दारिओ हसला. "हो, हो. तुम्हाला सांगायची परवानगी नसते, ठाऊक आहे मला." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो, खरं आहे म्हणून. मला ती हलवायची नव्हती, पण हलवली.

त्याने हात सोडला.

"नुसतं बघायला," तो म्हणाला. "मग घड्याळ कशाला?"

रॉइसने खिशातलं घड्याळ चाचपलं.

"मी आईला सांगितलं होतं तुमच्याबद्दल. ती दर रविवारी चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावते. नाव माहीत नाही, तर हॅटवाले साहेब म्हणून लावते."

रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवला, त्याला विमानतळावर सोडणारं संघातलं पोरगं असावं. दारिओने परत जाऊन बॅगा उचलल्या. मला म्हणाला, "येतो, सेन्योरा." मग रॉइसकडे न बघता त्या गाडीकडे गेला.

येताना मी रेडिओ लावला नाही. तासाभराने रॉइस म्हणाला, थांब. मी थांबवली. तो उतरून कुंपणाच्या कडेने लांबपर्यंत चालत गेला आणि परत आला. असं पुन्हा पुन्हा झालं. मग डोंगर उतरताना मला राहवेना.

"तुला माहीत होतं का? त्यांना तू तसा वाटतोस हे?"

तो बाहेर बघत होता. "पोरांना वाटतं हे नव्हतं माहीत."

"आणि बाकीच्यांना?"

"दारावरचा तो हर्लन आहे ना, त्याने एकदा विचारलं होतं, काय सर, सापडलं का कुणी? मी म्हटलं, बघतोय. तेव्हापासून तो तिकीट घेत नाही."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कारखान्यात मला तीस वर्षांत कुणी सर म्हटलं नाही, नेडीन."

मी गाडी चालवत राहिले.

ऑगस्टमध्ये आमचा मोठा संघ जिंकतच होता. तो पिचरही चांगला निघाला, गावात दुकानांच्या काचांवर त्याचं चित्र लागलं. रॉइसने मात्र मैदानाचं नाव काढलं नाही. स्टॉपवॉच माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आणून टाकलं. सकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचा आणि दिवसभर छळायचा. खुर्च्यांचे स्क्रू आवळले, आरसा काढून परत लावला, दाराला तेल घातलं, मग ते फारच सहज उघडतं म्हणून पुन्हा पुसलं. माझं जुनं गिऱ्हाईक बर्निस ड्रायरखाली बसली होती, ती म्हणाली, "नेडीन, याच्या हातात झाडू तरी दे, नाहीतर बाहेर नेऊन बांध. याला बघून माझे केस वाळायच्या ऐवजी उभे राहतायत."

फोन तो अजून बघायचा. मला दाखवायचा नाही, पण चेहऱ्यावरून कळायचं. नव्या संघाने दारिओला ओहायोत बेल हेवनला, आपल्या खालच्या एका संघात, ठेवलं होतं आणि तिथे त्याला काही सुधरत नव्हतं. चेंडू लागत नव्हता, हातून सुटत होते.

सप्टेंबर लागला तेव्हा एका शनिवारी दुकान बंद करताना रॉइस म्हणाला, "मला उद्या बेल हेवनला नेशील?"

"सहा तास आहे ते."

"हो."

"बघायला?"

"नाही. बोलायला."

आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी पोचलो तेव्हा सामना नुकताच सुरू झाला होता. मी तिकिटाच्या खिडकीकडे वळले तर त्याने दंड धरला. "आधी बोलायचं. त्याच्या आधी आत जाणार नाही मी."

"अरे, तीन तास चालेल हे. ऊन बघ."

"तू जा आत."

मी कसली जाते? गाडीचं दार उघडून सावलीच्या बाजूला पाय बाहेर सोडून बसले. रॉइस मैदानाच्या कुंपणाच्या कडेने फिरत होता. कुंपण उंच, फळ्यांचं, आतलं काही दिसायचं नाही. आतून बॅटीचा आवाज यायचा, मग लोक ओरडायचे, आणि रॉइस थबकायचा. मान तिरकी करून ऐकायचा. कुणी मारला, कुणी झेलला, काही कळायचं नाही. पुन्हा चालायला लागायचा. लाउडस्पीकरवरून नावं सांगत होते, वाऱ्यामुळे अर्धी कळत होती. एकदा "मातोस" ऐकू आलं. तो कुंपणाला हात टेकून उभा राहिला. आत मोठ्याने काहीतरी झालं, मग सगळं शांत. "काय झालं असेल?" त्याने मला विचारलं, जणू मला फळीतून दिसत होतं. मी म्हटलं, "अरे, आत जाऊन बघ ना बाबा." त्याने मान हलवली आणि पुढची फेरी सुरू केली.

खेळाडू बाहेर आले तेव्हा या वेळी तो स्वतः पुढे गेला. हॅट नव्हती, डोक्यावरचं टक्कल उन्हाने लाल झालं होतं. दारिओने त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग त्याचा चेहरा निर्विकार झाला.

"आज कुणासाठी आलात?"

"तुझ्यासाठी. माफी मागायला." रॉइसने हे गाडीत घोकलं असणार, कारण तो एका दमात बोलला. "लोकांना मी स्काउट वाटतो हे मला माहीत होतं. मला ते आवडायचं. त्यांनी तसं समजावं म्हणून मी तसा शर्टही घालायचो. त्यात तुझा पाय गेला. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण गेला तो माझ्यामुळे."

दारिओने पायाने खडी उकरली.

"पाय माझा होता," तो म्हणाला. "कोच बस म्हणाला होता, मी नाही ऐकलं. त्यात तुमचं काय? तुम्ही थोडंच म्हणालात, पळ." मग मान वर केली. "पण मला राग आलाय. खोटं नाही सांगत. इथे आल्यापासून रोज वर बघतो, जाळीमागे. सवय लागलीय. तिथे कुणी नसतं. आणि असलं कुणी, तर वाटतं, हाही कारखान्यातला असेल."

"असेल," रॉइस म्हणाला.

मला वाटलं आता संपलं, सहा तास परत. पण दारिओने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठून गाडी चालवत आलात? हॅडलीहून? आज?" मी हो म्हटलं. "जेवलात?"

आम्ही जेवलो नव्हतो.

तो आणखी चार पोरांबरोबर एका खोलीवजा फ्लॅटमध्ये राहत होता. खुर्ची एकच, बाकी हवा भरलेल्या गाद्या. खुर्ची मला दिली. दारिओने भात लावला, हिरवी केळी चपटी करून तळली, सलामी नावाच्या सॉसेजचे तुकडे तळले, वर अंडं. रॉइस गादीवर बसला तर ती एका बाजूने फुगायची आणि तो दुसऱ्या बाजूला कलंडायचा, म्हणून तो ताट घेऊन उभाच राहिला. पोरांनी त्याच्याकडे हसून बघितलं.

खाता खाता दारिओ एकदम म्हणाला, "तुम्ही मला चार वर्षं बघितलंय. सांगा, माझं काय चुकतंय? चेंडू लागतच नाहीये."

मी रॉइसकडे पाहिलं. आयुष्यभर त्याला कुणीतरी हे विचारावं असं वाटत असणार. त्याने घास गिळला.

"मला नाही माहीत. मला दिसतं की लागत नाहीये. का नाही, ते मला कळत नाही. कधीच कळलं नव्हतं."

दारिओ हसायला लागला. तोंडातला भात सांभाळत हसला, बाकीच्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं, तेही हसले. "चार वर्षं मी या माणसाला घाबरलो," तो मला म्हणाला, "आणि याला काहीच येत नाही."

"कागद छान करतो," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर त्याने आईला फोन लावला, चित्र दिसतं तसा. एक जाडशी, डोक्याला फडकं बांधलेली बाई दिसली, मागे कोंबडी ओरडत होती. दारिओने फोन रॉइसकडे वळवला. ती खूप वेळ काहीतरी विचारत होती, दारिओ उत्तरं देत होता. रॉइस अवघडून हात हलवत उभा.

"काय म्हणतायत?" त्याने विचारलं.

"विचारतेय, हे साहेब आहेत का. मी म्हटलं, साहेब नाहीत. मग कोण आहेत म्हणते."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ओळखीचे आहेत. ती विचारतेय, ओळखीचे आहेत तर जेवायला घातलंस का."

परतीच्या वाटेवर रॉइसने एकदाच गाडी थांबवायला सांगितली, तीही लघवीला. डोंगर लागल्यावर मला झोप यायला लागली, तर मला जागं ठेवायला तो कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिला. लुआन गेल्यापासून त्याने त्या काढल्या नव्हत्या.

दारिओला तो मोसम फुकट गेला. पुढचाही बराचसा. मधे त्याला आणखी एकदा बदललं, तिसऱ्याच संघाकडे, पश्चिमेला कुठेतरी. तिथे आम्ही जाऊ शकत नव्हतो, इतकं ते लांब. रॉइसला लायसन्स परत मिळालं. तो पुन्हा हॅडलीच्या आणि मार्लोच्या मैदानांवर जायला लागला, आता तिकीट काढून. दारिओ कधीमधी त्याला निरोप पाठवायचा. बहुतेक वेळा तळलेल्या केळ्यांचं चित्र, कधी नुसतं "आज बरं झालं."

मग एका जूनमध्ये, मी स्वयंपाकघरात मक्याचा ब्रेड ओव्हनमध्ये टाकत होते आणि रॉइस माझ्या सिंकखाली पाठीवर पडून पाइप बदलत होता, तेव्हा त्याचा फोन टेबलावर वाजला. मी वाचलं. दारिओला त्या तिसऱ्या मोठ्या संघाने वर बोलावलं होतं, कुणाचं तरी मनगट दुखावलं म्हणून.

"रॉइस, दारिओ पोचला वर."

सिंकखाली हालचाल थांबली.

"पाना दे," तो म्हणाला.

मी पाना दिला. त्याने काहीतरी आवळलं, बाहेर आला, हात माझ्या स्वच्छ टॉवेलला पुसले आणि मागच्या दाराने निघून गेला. खिडकीतून मला तो दिसत होता. आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, दारावरून पुढे गेला. बर्निस समोरच्या तिच्या व्हरांड्यातून काहीतरी म्हणाली असावी, कारण त्याने न थांबता तिला हात केला. ब्रेड झाला, मी बाहेर काढला, निवायला ठेवला. तो अजून चालत होता.

दारिओ वर तीन-चार आठवडे राहिला. मग ते मनगट बरं झालं आणि त्याला खाली पाठवलं. आता तो मेक्सिकोत खेळतो, लग्न झालंय, मुलगी आहे. बरा खेळतो म्हणे. पण त्या दिवशी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दिवे लागायच्या आधी सामना सुरू होणार होता, तो टीव्हीवर दाखवणार होते आणि माझ्या टीव्हीवर ते चॅनेल येतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी रिमोट घेऊन एकेक बटण दाबत बसले, आणि दर वेळी रॉइस खिडकीवरून गेला की काचेतून विचारायचा, "लागलं का?"

"नाही अजून," मी म्हणायचे. "आणि पाय पुसून आत ये."